डब्याचे दुसरे भोक

मोटारीतले मला सगळे कळते, असा माझा बरीच वर्षे समज होता. जुनी गाडी घेतली की असा समज आपोआपच होतो. दर रविवारी बॉनेट उघडून दोन तास वाकून उभे राहायचे, कोपरापर्यंत हात काळे करून घ्यायचे आणि मध्येच "चहा झाला का?" असे घरात ओरडून विचारायचे. एवढे केले की घरची माणसेही आपल्याला तज्ज्ञ मानू लागतात. आमच्या घरात याला अपवाद एकच होता. तो म्हणजे माझे वडील.

नाना हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. स्टिअरिंगला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण मी गाडीपाशी उभा राहिलो की तेही येऊन उभे राहत आणि बारीकसारीक प्रश्न विचारीत. मला त्या प्रश्नांचा कंटाळा येई.

1996 सालच्या पावसाळ्यात एका रात्री कोणीतरी नळी घालून माझ्या गाडीतले पेट्रोल काढून नेले. मी बाजारातून किल्लीचे, चकचकीत झाकण आणून टाकीला बसवले. नानांनी ते आधी उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "याला भोक कुठाय?"

"नाना, चोरासाठी भोक ठेवायचं असतं का?" मी म्हणालो. सगळे हसले. नानाही हसले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

त्यानंतर गाडी आचके द्यायला लागली. दहा-पंधरा मैल झकास जायची; मग चढावर एकदम भकभक करायची, दम खायची, पुन्हा ओढायची आणि शेवटी गप्प व्हायची. अर्धा तास उभी केली की जणू काही झालेच नाही अशी सुरू व्हायची! आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, गाडी मिसिंग करतेय." मग चारही प्लग बदलले. पॉइंट घासले, मग बदलले, त्यांच्यामधले अंतर पंधरा थाऊ बरोबर धरले. कंडेन्सर नवा घातला. कार्बोरेटर खोलून जेट फुंकून साफ केले. मिस्त्री लोक ज्याला एसी पंप म्हणतात, त्याचा पडदाही नवा बसवला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गल्लीला दोन चकरा मारून गाडी 'ओके' ठरे आणि पुढच्या लांबच्या फेरीत रस्त्यात उभी राही. शेवटी पेट्रोल वाटेतच उकळून त्याची वाफ होत असेल, असे ठरवून मी पंपावर ओले फडके गुंडाळू लागलो. फडके ठेवून अर्ध्या तासाने गाडी चालू होई, म्हणजे निदान अचूक!

त्या दिवाळीत वाईच्या आत्याचे पत्र आले. आत्या नानांहून चार वर्षांनी मोठी, अंथरुणाला खिळलेली. 'यंदा भाऊबीजेला ये. पुढचं कोणी पाहिलंय?' एवढेच लिहिले होते. नाना म्हणाले, "मी एस.टी.ने जातो." मला तो माझ्या गाडीचा अपमान वाटला. मी सगळ्यांना गाडीत घातले, पुण्यात टाकी काठोकाठ भरून घेतली आणि निघालो.

कात्रज कसाबसा चढलो. खंबाटकीच्या घाटात मात्र गाडीने मान टाकली. मागून ट्रक कर्णे वाजवीत होते. मी ओले फडके घेऊन धावलो. नाना खाली उतरून म्हणाले, "टाकीची किल्ली दे जरा."

"नाना, तुम्ही गप्प बसा हो! तुम्हाला यातलं काय कळतं?"

नाना काही बोलले नाहीत. आत्याच्या लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन ते कठड्यावर बसले. उन्हात ते एकाएकी फार म्हातारे दिसले. किल्ली काढली ती आमच्या सौभाग्यवतींनी, आणि मुकाट्याने त्यांच्या हातात नेऊन दिली.

झाकण फिरवले मात्र, 'सूंऽऽ' असा लांबलचक आवाज आला. तो आवाज मी पेट्रोल भरताना अनेकदा ऐकला होता आणि त्याला झाकणाच्या पक्केपणाचा दाखला समजलो होतो!

"आता लाव," नाना म्हणाले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"तुझी आई दिवाळीला तेलाचा डबा फोडायला मला द्यायची, आठवतं?" नाना वर्गात सांगावे तसे सांगू लागले. "एकच भोक पाडलं तर तेल भकभक करत पडतं, मग थांबतं. दुसरं पाडलं की धार लागते. आत वारा गेल्याशिवाय बाहेर तेल येत नाही. तुझा पंप पेट्रोल ओढतो आणि झाकण वारा येऊ देत नाही. टाकी जितकी भरलेली, तितकी वरची हवा थोडी, म्हणून अडते लवकर. उभी केलीस की कुठूनतरी चोरवाटेनं वारा शिरतो. फडक्याचा काही संबंध नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," नाना म्हणाले.

झाकण सैल ठेवून आम्ही वाई गाठली. तिथे एका सायकलवाल्याने झाकणाला बारीक भोक पाडून दिले. पैसे घेतले नाहीत. आत्याने पडल्यापडल्या नानांना ओवाळले. पुढची भाऊबीज त्या बहीणभावांना मिळाली नाही.

परतीच्या वाटेवर मी नानांना मुद्दाम एकेक विचारीत होतो. आई गेल्यापासून ते कमी बोलतात, असे आम्ही सगळे म्हणत असू. त्या रात्री कात्रज येईपर्यंत ते थांबले नाहीत.

ती गाडी गेली, नानाही गेले. आताच्या गाडीचे बॉनेट उघडले तरी मला काही ओळखीचे दिसत नाही. परवा ती जरा आचके देऊ लागली, तेव्हा मी मुलाला म्हटले, "अरे, एकदा टाकीचं झाकण..."

"बाबा, हे कॉम्प्युटरवर बघावं लागतं. तुम्हाला नाही कळायचं."

मी हसलो आणि वर्तमानपत्र उघडून बसलो.