तालमीचा गुण

आम्हां गोवेकरांना जत्रेतील नाटकांचे वेड जन्मजात. शाळेत नाटक बसविताना आम्ही नेहमी पाहतो : उनाड गणलेला मुलगाही तालमीस वेळेवर येतो, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबतो. तालमीचा हा गुण कारागृहातही कामी येतो. म्हैसूरच्या कारागृहातील जन्मठेपेच्या बंदिवानांना घेऊन रंगकर्मी हुलुगप्पा कट्टीमनी यांनी ‘मॅकबेथ’चे कन्नड रूपांतर रंगभूमीवर आणले. जन्मठेप भोगणाऱ्याने खुन्याच्या मनाची तळमळ स्वमुखाने बोलून दाखवावयाची, केवढी ही कसोटी! कोठडीत नुसते दिवस मोजता येतात. भूमिकेत मात्र स्वतःच्या कृत्याकडे पाहावेच लागते. बालमित्रहो, अपराधाची नोंद कला पुसत नाही. परंतु माणूस त्या एका नोंदीपुरताच उरू नये, एवढे सामर्थ्य तिच्यात खचित आहे.