गुणांक आणि डाव

आम्हांस बुद्धिबळाचा नाद लहानपणापासून आहे. परंतु त्यांतील एक लाजिरवाणी गोष्ट पुष्कळ दिवस आम्हीं घरींहि बोलून दाखविली नव्हती. एका आंतरशालेय स्पर्धेंत जोड्यांचा तक्ता लागला. आमच्या प्रतिस्पर्ध्याचा गुणांक आमच्याहून बराच मोठा होता. तो आंकडा वाचतांच आम्ही मनांतून हरलों. पुढें डावांत एक प्यादें आम्हांस अधिक मिळालें, तरीहि हा कांहीं कावा असेल या भीतीनें आम्हीं होऊन बरोबरीची याचना केली. ती त्यानें तात्काळ मान्य केली, आणि हसून म्हणाला, “मी तर हरत होतों !”

हा सल मनांत असतांनाच जुलै २०२५ मध्यें जॉर्जिया देशांतील बाटुमी शहरीं महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस श्रीमती कोनेरू हम्पी, गुणांक २५४३; दुसऱ्या बाजूस आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची कुमारी दिव्या देशमुख, गुणांक २४६३. हम्पीबाईंनीं ग्रँडमास्टर ही पदवी २००२ सालीं मिळविली, तेव्हां दिव्येचा जन्महि झाला नव्हता ! दोन्ही दीर्घ डाव बरोबरींत सुटले. ता. २८ रोजीं जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरींत. दुसऱ्यांत दिव्येकडे काळीं मोहरीं होतीं. वेळ संपत आली असतां हम्पीबाईंच्या हातून चूक झाली, आणि दिव्येनें डाव जिंकला. चषकाबरोबर ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. आईला मिठी मारून रडणारी ती विजयी मुलगी पाहून आमचेहि डोळे पाणावले.

मग आम्हीं गणित करून पाहिलें. प्राध्यापक आर्पाद एलो यांच्या सूत्राप्रमाणें ८० गुणांचा फरक असेल, तर शंभर डावांत वरच्या खेळाडूनें सुमारें ६१ गुण मिळवावे अशी अपेक्षा असते. उरलेले ३९ खालच्याचेच कीं ! आमच्या वांट्याचे तसले गुण आम्हीं पटावर बसण्यापूर्वींच दान करून टाकले होते.

पुढील स्पर्धेंत पुन्हा तसाच बलवान गडी समोर आला. साठ चालींपर्यंत झुंजून आम्ही हरलों. घरीं येऊन तो सबंध डाव वडिलांस मांडून दाखविला, आणि त्या जुन्या बरोबरीची हकीकतहि त्याच वेळीं सांगून टाकली. बालमित्रहो, तक्ता जरूर वाचावा. पण आपला पट कोणता, एवढें कळण्यापुरताच.