धरणारा हात

थंड पेयाचा कॅन उघडताना आपला दुसरा हात काय करीत असतो, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? मी दिले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून माझे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे तो हात प्लास्टरमध्ये गळ्यात टांगलेला होता. उघडण्याचे निम्मे काम धरण्याचे असते, हे मला तेव्हा उमगले.

त्या दुपारी घरची मंडळी लग्नाला गेली होती. मुलीने लिंबू-सोड्याचे कॅन फ्रिजमध्ये ठेवले होते आणि ‘बाबा, काही लागले तर शेजारच्या काकूंना हाक मारा’ असे तीनदा बजावले होते. हाक मारावयाची नाही, हे मी ती जिना उतरण्यापूर्वीच ठरविले होते.

कॅन ओट्यावर ठेवला. डाव्या हाताचे बोट झाकणावरच्या कडीखाली सारावे, तर कॅन स्वतःभोवती फिरे. बाहेरून सुटलेल्या पाण्याने तो बुळबुळीत झाला होता. मांड्यांत दाबून धरला, तर सगळा सोडा अंगावर येण्याची भीती. अखेर ओल्या फडक्यावर तो उभा केला. अंगठा आणि मधले बोट यांनी वरची कड दोन बाजूंनी पकडली व तर्जनी मोकळी ठेवली. नख पुरेना, म्हणून चमच्याच्या दांड्याने कडी आधी जराशी उचलून घेतली. मग तर्जनीचे टोक आत शिरले.

त्या एवढ्याशा कडीत दोन तरफा दडलेल्या आहेत. आपण शेपूट उचलतो तेव्हा कडीचे नाक झाकणावर टेकलेले असते आणि मधला रिव्हेट वर ओढला जातो. येथे टेकू एका टोकाला व भार मध्ये, म्हणजे हा अडकित्ताच. कोरलेली रेषा किंचित फाटते, वायू ‘फुस्स’ करून निसटतो आणि आतला दाब उतरतो. त्याच क्षणी रिव्हेट स्वतः टेकू होतो आणि सी-सॉच्या फळीप्रमाणे नाक खाली जाऊन झाकणाची जीभ आत ढकलते. १९५९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अर्मल फ्रेझ यांच्यापाशी सहलीत कॅन होते, पण उघडणी नव्हती. त्यांनी मोटारीच्या बंपरवर कॅन फोडले, असे सांगतात. दोन्ही हात धड असलेला माणूसही अडला होता, याचे मला त्या दुपारी बरे वाटले. पुढे त्यांनीच झाकणाला जोडलेली कडी काढली. ती निघून हातात येई आणि फेकलेल्या कड्यांनी लोकांचे पाय कापत. १९७५च्या सुमारास झाकणालाच चिकटून राहणारी आजची कडी आली.

अडकित्त्याचा उल्लेख सहज केला नाही. आमच्या अण्णांना अर्धांगवायू झाला आणि त्यांचा उजवा हात गेला, अगदी माझा मोडला तोच. सुपारी आई कातरून देई. पानाचा पितळी डबा उघडून देण्याचे काम आम्हा भावंडांचे. सदऱ्याची गुंडी असो, केळे असो, ‘द्या इकडे, अण्णा’ म्हणत आम्ही झेप घेत असू. ते मुकाट्याने देत. आम्ही त्याला सेवा म्हणत होतो.

एकदा भर दुपारी मी दारात आलो, तेव्हा त्यांनी डबा गुडघ्यांत दाबला होता आणि डाव्या अंगठ्याने झाकण रेटीत होते. एक कड बोटभर वर आली होती. मी धावलो आणि झाकण उघडून दिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, डबा बाजूला सारला. त्या दिवशी त्यांनी पान खाल्ले नाही. त्यानंतर डब्याला स्वतःहून हातही लावला नाही. ते रुसले असावेत, असे मी आईला सांगितल्याचे आठवते.

माझा कॅन उघडेपर्यंत सोडा कोमट झाला होता. तो मी उभ्यानेच संपविला आणि कपाटातून अण्णांचा डबा काढला. गुडघ्यांत दाबून डाव्या अंगठ्याने रेटून पाहिला. झाकण हलले, पण निघाले नाही. पुन्हा रेटणार, तोच जिन्यावर मुलीची पावले वाजली आणि मी डबा घाईने कपाटात ठेवून दिला.