हसणार नाहीस ना?

गोराई डेपो, बोरिवली स्टेशन, अंधेरी. सकाळी तिकडे, रात्री इकडे. आपलं मराठी जग एवढंच, असं मला खरंच वाटायचं. तेवढ्यात ऑफिसात तो जॉईन झाला. गाव तंजावर. पहिल्याच लंचला म्हणाला, "मीपण मराठीच." त्याचं तमिळ वळणाचं मराठी ऐकून आमचं अख्खं टेबल हसलं. सगळ्यात मोठ्याने मी! त्यानंतर तो आमच्याशी इंग्रजीतच बोलू लागला.

तरीही बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण त्याने मला दिलं. मी गेलो. खरं सांगायचं तर फुकट ट्रिप म्हणूनच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो मला राजवाडा दाखवायला घेऊन गेला. राजवाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येत असेल, तर तो आधी पुसून टाका. सोळाव्या शतकात तमिळ भूमीत तेलुगू नायक राजांनी हा बांधायला घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य चाललं. प्रत्येकाने आपली भर घातली, आधीचं पाडत बसलं नाही कुणी. म्हणून एकीकडे देवळाच्या गोपुरासारखा उंच मनोरा, तर दुसरीकडे दरबार हॉलमध्ये थेट सुलतानी वळणाच्या कमानी, आणि खांबांपासून छतापर्यंत लाल, निळे, पिवळे भडक रंग. एकाच वाड्यात इतकं सगळं, पण कुठेही खटकत नाही.

आपण शाळेत शिकतो, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. इथे व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे त्याच्या सव्वाशे वर्षांहूनही आधी मराठीत नाटकं लिहीत होते. आणि बृहदीश्वराच्या देवळात, सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा अख्खा इतिहास भिंतीवर आहे. मराठीत!

पण माझी विकेट पडली ती सरस्वती महाल ग्रंथालयात. सरफोजीराजांनी जीव लावून वाढवलेला हा संग्रह. तमिळ, तेलुगू, संस्कृत पोथ्यांच्या जोडीला मराठीही. काचेआड एक मोडीतला कागद होता.

"वाच ना," तो म्हणाला. "तुमचंच आहे."

मी वाकलो. एक अक्षर लागेल तर शपथ. दहावीला मराठीत पंच्याऐंशी मार्क मिळवलेला मी, काचेवर नाक टेकवून गप्प उभा. आता हा हसणार, हसायलाच हवं होतं त्याने. तो हसला नाही. "मलापण नाही येत," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या आजीच्या पाया पडलो. हातात कॉफीचा डबरा देत तिने विचारलं, "मुंबईत अजून बोलतात ना मराठी?" तिने अगदी काळजीने विचारलं होतं. साडेतीनशे वर्षं घरात जपलेल्या भाषेत. आणि मला माझं ते लंचचं हसू आठवलं.

परतीच्या गाडीत कसाबसा त्याला 'सॉरी' म्हणालो. "आता ऑफिसात मराठीतच बोल यार."

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग त्याच्या मराठीत म्हणाला, "हसणार नाहीस ना?"