हायब्रीडवाला आहे, हळूच जाईल

हायब्रीड गाडी दिसली की नागपुरात लोक ठरवूनच टाकतात: हा मायलेजवाला, रस्ता अडवणार. मला हे मुळीच पटत नाही.

शहरात सावकाश चालवण्यात फायदा आहे, हे खरं. वर्धा रोडवर अजनी चौकाचा लाल सिग्नल दिसला की मी लांबूनच अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलते. डॅशबोर्डवरचा काटा ‘चार्ज’कडे झुकतो. एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर बॅटरीत भरते. गाडी थांबली की इंजिन बंद. सिग्नल सुटल्यावर गाडी बॅटरीवरच निघते, आवाज न करता. मागच्याला वाटतं, बाई झोपल्या. तो हॉर्न दाबतो तोवर मी चौक ओलांडलेला असतो.

समृद्धी महामार्गावर हिशेब उलटतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला; कारला सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा. तिथे सिग्नल नाहीत, म्हणजे ब्रेकमधून परत मिळणारं फारसं काही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ८० वरून १२० वर गेलं की सव्वादोन पट. इंजिनाला मग उसंत नसते.

तरी तिथे माझ्या शेजारून सुसाट जाणाऱ्यांत हायब्रीडवाले असतातच, अन् उजवी लेन धरून रेंगाळणाऱ्यांत डिझेलवालेही. मी शंभरवर, डावीकडे. उजवी लेन ज्याला पुढे जायचंय त्याची. हा शिष्टाचार मी वडिलांच्या पेट्रोल फियाटमध्ये शिकले, तेव्हा हायब्रीड कुणी पाहिलीही नव्हती.