शहाबादी फरशीवरचा हिवाळा

साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या गृहस्थाने पायांना चाके बांधून घरंगळावे, ही गोष्ट आमच्या गल्लीने फारशा कौतुकाने घेतली नाही. 'म्हातारचळ' हा शब्द आमच्या कानी पडेल अशा बेताने दोन-तीन वेळा उच्चारला गेला. आमच्या मंडळींनी एवढेच म्हटले, "अहो, पडायचेच असेल तर घराजवळ पडा. उचलायला माणसे तरी मिळतील." बेळगावात चाकांच्या स्केटिंगचे वर्ग चालतात, पहाटे मुलांचे थवेच्या थवे वळसे घेताना दिसतात, पण त्या मुलांची वये आमच्या नातवाएवढी. आणि खरे सांगायचे तर या सगळ्या उपद्व्यापाच्या मुळाशी आमचा नातूच होता.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही कन्येकडे, कॅनडातील ओटावा शहरी गेलो होतो. या शहराच्या मध्यातून रिडो नावाचा कालवा जातो. तो १८३२ साली खुला झाला. हिवाळ्यात त्याचे पाणी गोठते आणि १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून त्यावर पावणेआठ किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट स्केटिंगसाठी राखली जाते. पाठीला पिशवी लावून त्या वाटेने कचेरीला निघालेली माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली. आमच्या मार्कंडेयेवरून कुणी घसरत घसरत कामाला जातो आहे, अशी कल्पना करून पाहा म्हणजे आमची अवस्था कळेल.

नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. घरात तो आमच्याशी फारसा बोलत नसे. त्याची मराठी म्हणजे वीस-पंचवीस शब्दांची पुंजी, आणि आमची इंग्रजी त्याच्या कानाला परकी. आम्ही काही विचारावे, त्याने आईच्या तोंडाकडे पाहावे आणि आईने उत्तर द्यावे, असा तीन कोपऱ्यांचा संवाद चाले. बर्फावर मात्र चित्र पालटले. तेथे तो गुरू आणि आम्ही शिष्य. 'गुडघे', 'हळू', 'पड', 'ऊठ' या चार शब्दांवर त्याने आम्हांला तीन आठवडे शिकवले. अहोजाहो त्याच्या मराठीत अद्याप पोचलेले नाही, त्यामुळे सगळा उपदेश एकेरीत. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने एका पायावर पुढे जाता जाता गर्रकन उलटे वळून, त्याच पायावर मागे सरकत एक वळसा काढला आणि म्हणाला, "आजोबा, नेक्स्ट टाइम तू हे कर."

'थ्री-टर्न' म्हणतात त्या वळशाला, कारण बर्फावर त्याची रेघ तिनाच्या आकड्यासारखी उमटते. आम्ही होकार दिला. आता बेळगावात बर्फ म्हणजे रसवंतीतला! तेव्हा एका ओळीत चार चाके असलेले इनलाइन स्केट घेणे ओघानेच आले.

बर्फाची उणीव चाकांनी भरून काढण्याची ही खटपट जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये मर्लिन नावाचा एक कल्पक कारागीर अशीच चाके बांधून, व्हायोलिन वाजवीत एका मेजवानीत शिरला. थांबायची सोय नसल्याने तो मोठ्या मौल्यवान आरशावर जाऊन आदळला, आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि स्वतः जखमी झाला, अशी कथा सांगतात. १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या 'ल प्रोफेत'मध्ये गोठलेल्या तळ्यावरचे दृश्य दाखवायचे होते; तेथे नर्तकांच्या पायांना चाकेच लावली. अमेरिकेत मिनियापोलिसच्या ऑल्सन बंधूंनी १९८० च्या सुमारास आजच्या धर्तीचे इनलाइन स्केट पुढे आणले ते बर्फावरच्या हॉकीचा उन्हाळी सराव चालू राहावा म्हणून. आणि फ्लॉरिडाच्या उष्ण प्रदेशात चाकांवर वाढलेल्या एरिन जॅक्सनने तर २०२२ साली बीजिंगला बर्फावरच्या ५०० मीटर शर्यतीत ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. यांपैकी मर्लिनशी आमचे नाते अधिक जवळचे, हे पुढे दिसेलच.

जागेचा प्रश्न आमच्या एका बालमित्राने सोडवला. त्याचे मंगल कार्यालय आहे. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने तेथली शहाबादी फरशीची विस्तीर्ण जमीन मोकळी पडलेली असते, आणि बेळगावच्या पावसात उघड्यावर चाके चालवणे अशक्यच. मित्र म्हणाला, "खुशाल फिर, पण बोहल्यावर चढू नकोस. या वयात बरे दिसत नाही."

पाते आणि चाक यांत साम्य किती आणि फरक किती, हे त्या फरशीने आम्हांला शिकवले. बर्फाच्या पात्याचा तळ मधोमध किंचित पोखरलेला असतो, म्हणून त्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. सारी विद्या कोणत्या वेळी कोणत्या कडेवर भार टाकायचा यात आहे. चाकाला कड नाही. पण ते कलते, आणि कललेले चाक कलत्या पात्यासारखेच वळते. गुडघा वाकवून पाऊल बाजूला रेटण्याची रीतही तीच. मात्र पाते उभ्या रेघेतही किंचित कमानदार असते, एका वेळी त्याचा थोडाच भाग बर्फाला टेकतो. म्हणून चवड्याजवळच्या एका बिंदूवर शरीर फिरवता येते. आमची चार चाके तर समान उंचीची, चौघेही जमिनीला चिकटून बसलेली! पहिला महिनाभर आम्ही वळलो की कंबर वळे, खांदे वळत, स्केट मात्र सरळ जाई. शेवटी क्रीडासाहित्याच्या दुकानातल्या एका मुलाने मधली दोन चाके ८० मिलिमीटरची ठेवून टोकाची दोन ७६ ची बसवून दिली. एवढ्याशा फरकाने पायाखाली कमान आली. त्या दिवशी आम्ही प्रथमच उलटे वळलो आणि लगोलग बसलो.

थांबणे हा निराळा अध्याय. बर्फावर पाते आडवे केले की ते खरवडत जाते आणि माणूस थांबतो. चाक आडवे केले की ते जमीन पकडते. थांबते ते चाक, माणूस पुढे जातो. म्हणून उजव्या टाचेमागे रबराचा ठोकळा असतो. पाऊल थोडे पुढे सारून टाच दाबायची. ही टाच दाबण्याची सवय आमच्या अंगी इतकी मुरली की स्वयंपाकघरात शिरतानाही आम्ही उजवी टाच दाबू लागलो.

आणखी एक उणीव होती. बर्फावर तुम्ही काय केले ते तुमच्या मागे लिहिलेले असते. फरशीवर काहीच उमटत नाही. यावर आम्ही उपाय काढला. बादलीतल्या पाण्यात फडके भिजवून चाके पुसायची आणि लगेच वळसा घ्यायचा. काळसर फरशीवर ओली रेघ उमटे, आणि ती वाळण्याच्या आत वळून वाचावी लागे. ओली चाके घसरतात हे आम्हांला ठाऊक होते. २०२१ च्या पावसाळ्यात डाव्या मनगटाला ते नव्याने कळले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. मंडळींनी स्केट माळ्यावर टाकले. ते खाली कसे आले हे येथे सांगण्याचे कारण नाही.

मध्ये महामारीने जग मिटले होते. आमचे जाणे लांबत गेले, नातू वाढत गेला आणि त्याची पंचवीस शब्दांची पुंजी आटत चालल्याचे दर रविवारी पडद्यावर दिसू लागले. पण वळशाचे चित्रण धाडले की उत्तर हटकून मराठीत येई. बहुधा एकच शब्द, 'गुडघे!' त्या एका शब्दासाठी आम्ही किती वेळा पडलो, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही.

२०२३ च्या जानेवारीत अखेर आम्ही ओटावाला पोचलो. नातू दहा वर्षांचा. कालव्यावर बर्फ खुला असला की हिरवा बावटा, नसला की लाल. लालच होता. हिवाळा ऊबदार होता, बर्फ हवे तेवढे जाड होत नव्हते. रोज शाळेतून आला की पोरगा आधी बावट्याची चौकशी करी. फेब्रुवारीच्या चोविसाव्या तारखेला जाहीर झाले की यंदा कालवा उघडणारच नाही. १९७०-७१ पासून असे कधी घडले नव्हते. रात्री तो न जेवता झोपला. आम्हीही कठड्याशी उभे राहून ते करडे, अर्धवट गोठलेले पाणी पाहिले होते. चार वर्षे आम्ही ज्याची तालीम केली ते रंगमंचच कुणी उचलून नेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे यंत्राने गोठवलेल्या, छताखालच्या रिंकवर गेलो. पहिल्या फेरीतच समोर एक लहान मुलगी आली आणि आम्ही सवयीने उजवी टाच दाबली. पात्याला टाचेमागे रबर नसते! आम्ही सपशेल उताणे. मर्लिनला निदान आरसा तरी मिळाला. नातवाने हात दिला आणि चार वर्षांपूर्वीचाच शब्द उच्चारला, "ऊठ."

मग आम्ही वळसा घेतला. उजव्या पायाची बाहेरची कड, चवड्यावर भार, खांदे आधी, मग कंबर, आणि मागे सरकताना आतली कड. पडलो नाही. आम्ही विजयी मुद्रेने मागे पाहिले, तर पोरगा गुडघ्यांवर बसून आमची रेघ वाचत होता. "आजोबा, मध्ये तू घसरलास," तो म्हणाला. खरेच, तिनाच्या कंबरेशी बर्फ बोटभर खरवडले होते. चाके जमीन धरून ठेवतात, त्यामुळे हा दोष फरशीने चार वर्षे पोटात घातला होता. बर्फाने पहिल्याच भेटीत चव्हाट्यावर मांडला. आम्ही त्या रेघेशेजारी पात्याच्या टोकाने एक ३ कोरला आणि म्हणालो, "आमच्या तिनाला शेपूट असते." त्याने तो आकडा बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, "चार कसा असतो?" नवापर्यंत गेलो तेव्हा बर्फ सारखे करणारे यंत्र आले आणि सर्वांना बाहेर काढले.

त्याच वर्षी जुलैत तो बेळगावला आला. अधिक श्रावणामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा होता. मंगल कार्यालय आमचेच. चाकांवर तो तीरासारखा सुटला, थांबण्यासाठी बर्फावरल्यासारखे पाय आडवे केले आणि रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या थप्पीत जाऊन आदळला. आम्ही सावकाश तेथे गेलो. "टाच," आम्ही म्हणालो. हा शब्द त्याच्याकडे नव्हता. आम्ही वाकून त्याची टाच दाखवली. दुपारभर त्याने तो शब्द घोकला. संध्याकाळी बादलीत फडके बुडवून त्याने चाके पुसली आणि फरशीवर एक तीन काढला. शेवटी पाऊल किंचित लांबवून त्याला शेपूटही जोडले. आम्ही चश्मा पुसून जवळ जाईपर्यंत वरचा अर्धा आकडा वाळला होता. "पुन्हा काढ," आम्ही म्हणालो, आणि बादली पुढे सरकवली.