दाढेचा हिशेब

एडिसन, न्यू जर्सी
१२ सप्टेंबर

प्रिय सुनंदा,

परवा फोन मध्येच कट झाला आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. "अगं, तुला तिकडे दातांचा विमा आहे ना? मग दाढ बसवायला सांगलीला कशाला येतेस?" फोनवर हे सांगता आलंच नसतं, आकडेमोड करायला कागद लागतो. म्हणून पत्र.

आधी एक कबुली. गेल्या वर्षी माझी दाढ तुटली ती तू पाठवलेल्या दिवाळीच्या डब्यातल्या शेवटच्या कडबोळ्याने. रागावू नकोस, कडबोळी फक्कड होती. दाढच आतून पोखरलेली निघाली.

रूट कॅनाल, आतली भर आणि वरची कॅप, सगळं मिळून डॉक्टरांचा नेहमीचा दर ३,२०० डॉलर. मी विम्याचं कार्ड तोऱ्यात पुढे केलं. महिन्याला ३५ म्हणजे वर्षाचे ४२० डॉलर पगारातून कापले जातात, कधीतरी वसूल नकोत का व्हायला? काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "तुमचे यंदाचे १,२०० उरलेत."

उरलेत म्हणजे? इथेच तर मेख आहे. आजारपणाच्या विम्यात वर्षाची हद्द असते ती माझ्या खर्चाची. तेवढे माझ्या खिशातून गेले की त्यांच्या नियमात बसणारं पुढचं सगळं कंपनी भरते. दातांच्या विम्यात हद्द असते ती कंपनीच्या खर्चाची. माझ्या योजनेत १,५००. तेवढे त्यांनी दिले की पुढचं सगळं माझं. म्हणजे दुखणं जितकं मोठं तितका विमा तोकडा! शिवाय वर्षात दोनदा दात साफ करून घेतले, एक्स-रे काढले, ते 'फुकट' म्हणून मी खूश होते, तर त्याचे ३०० याच दीड हजारातून वजा झाले होते. सगळ्या योजनांत असं करत नाहीत. माझ्यात करतात.

माहितीपत्रकात १००-८०-५० असे आकडे ठळक छापलेले असतात. तपासणी आणि साफसफाई शंभर टक्के, सिमेंट भरणं वगैरे ऐंशी, कॅप, ब्रिज, कवळी पन्नास. रूट कॅनाल कुणी ऐंशीत घालतं, कुणी पन्नासात. माझ्याकडे ऐंशीत होतं, नशीब. आता बघ. डॉक्टर कंपनीच्या करारातले असल्यामुळे ३,२०० चे २,३०० झाले. त्यात रूट कॅनालचे १,०००. दरवर्षी पहिले ५० माझे, उरलेल्याचे ऐंशी टक्के म्हणजे ७६० त्यांनी दिले. भर आणि कॅपचे १,३००, त्याचे निम्मे ६५० यायला हवे होते, पण पिशवीत ४४० च शिल्लक. तेवढे झाडून दिले. माझ्या खिशातून गेले १,१००, त्यात हप्त्याचे ४२० मिळव. मी वर्षात भरले १,५२०, कंपनीने दिले १,५००. यासाठी एवढा खटाटोप!

रात्री आमच्या ह्यांनी वही काढली. म्हणाले, ९०० डॉलर कमी झाले ते कशाने? करारातल्या दराने. ते मात्र खरं. विमा म्हणून या कार्डाचा उपयोग बेताचाच, सवलतीचं कार्ड म्हणून बरा आहे.

पण जिव्हारी लागलं ते वेगळंच. कॅप बसली १८ डिसेंबरला. मर्यादा १ जानेवारीला नव्याने सुरू होते. दोन आठवडे थांबले असते तर नवे ५० वजा जाऊनही कॅपचे ६२५ मिळाले असते, म्हणजे १८५ जास्त. अर्थात रूट कॅनाल झालेली दाढ उघडी ठेवली तर चिरते, म्हणून डॉक्टरांनी घाई केली, त्यांना दोष नाही. शिवाय काही कंपन्या कॅप बसवल्याची तारीख धरतात, काही दात घासून तयार केल्याची. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आणखी एक गंमत. मागच्या दाढेत दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं तरी पुष्कळ कंपन्या पैसे चांदीच्या हिशेबाने देतात. स्वस्तात काम होत असताना महाग कशाला, हा त्यांचा न्याय. वरचा फरक तू भर.

आता तुझा प्रश्न. खालची दुसरी दाढ मी २०१९ मध्ये काढली, ही योजना घेण्याच्या आधी. विमा घेण्याआधी पडलेल्या दाताच्या जागी नवा बसवायला पैसे मिळणार नाहीत, असं कलमच आहे. इम्प्लांटचे इथे ४,२०० सांगितले, ते सगळे माझे. म्हणून सांगली.

दात शरीरातच आहेत ना, मग विमा वेगळा का, असं तू विचारशीलच. १८४० साली बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं, जगातलं पहिलं, तेव्हापासून दातांचे डॉक्टर वेगळे ते वेगळेच. म्हाताऱ्यांसाठी १९६५ मध्ये सरकारी मेडिकेअर आली, तिनेही नेहमीचे दातांचे उपचार बाहेर ठेवले. हा विमा रुजला तो १९५४ च्या सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनमुळे, तोही आधी त्यांच्या मुलांसाठी. तुझ्या बाबांना ऐकून बरं वाटलं असतं, जन्म गोदीत गेला त्यांचा. पण सत्तरच्या दशकात हजार डॉलरची वार्षिक मर्यादा होती आणि आजही पुष्कळ योजना हजार ते दोन हजारांतच अडकल्यात. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ ला लोकांनी मतदान करून कंपन्यांना बांधून घेतलं, हप्त्याचे ८३ टक्के उपचारांवर खर्च करा नाहीतर परत द्या. आमच्या न्यू जर्सीत कधी होईल देव जाणे. तू हसू नकोस हं, तुझ्या मेडिक्लेमलाही बहुधा अपघातात दात पडून ॲडमिट व्हावं लागेल तेव्हाच जाग येईल.

तुझा अमेय जानेवारीत डॅलसला येतोय ना, त्याला सांग, हप्ता बघून योजना घेऊ नकोस. योजना घेतल्यावर मोठ्या कामांना सहा महिने की वर्ष थांबावं लागतं, ते विचार. जवळचे डॉक्टर करारात आहेत का ते बघ. आणि मोठं काम असेल तर डॉक्टरांकडून कंपनीला आधी लेखी अंदाज मागवायला लाव. मी मागवला असता तर काउंटरवर तोरा तरी उतरला नसता.

आता तुझ्याकडे एक काम. विश्रामबागच्या तुझ्या डॉक्टरांना एवढं विचार, स्क्रू बसवल्यावर हाड धरायला किती महिने थांबवतात? मी ८ डिसेंबरला पोचतेय आणि रजा चारच आठवड्यांची आहे. दोन खेपा कराव्या लागणार असतील तर पुढच्या तिकिटाचं आत्ताच बघायला हवं. एक्स-रे आधी व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का, तेही विचार.

तुझी,
मंदा